कॉटनवुडचं खरं नाव

वर्ना कोल्टरमनला कट्ट्यावरच्या माणसांच्या गाड्या तोंडपाठ होत्या. कुणाच्या पिकअपचा डावा दरवाजा दुसऱ्याच गाडीचा आहे, कुणाच्या चासीला कुठे वेल्डिंग आहे, कुणी बंपरला क्रोम करून घेताना कारागिराशी भांडण काढलं होतं, हे सगळं ती झोपेत सांगू शकली असती. माणसांची नावं मात्र तिला ठाऊक नव्हती. तिथे नाव विचारायची रीतच नव्हती. जुन्या पिकअपवाल्यांच्या त्या ऑनलाइन कट्ट्यावर माणसाची ओळख म्हणजे त्याच्या गाडीचं साल आणि त्यानं स्वतःला घेतलेलं टोपणनाव. वर्ना तिथे ‘धान्यकोठी’ होती. नेब्रास्काच्या एका कोठीवर तिनं उभं आयुष्य धान्याच्या गाड्या वजन करण्यात घालवलं होतं. शेतकरी रांगेत ताटकळायचे, गाड्या बंद पडायच्या, आणि मग वर्ना वजनकाट्याच्या खोपटातून पेचकस घेऊन बाहेर यायची. कार्ब्युरेटरवर तिचा हात तेव्हा बसला, तो कायमचाच.

आता ती ऐंशीला टेकली होती. नवरा गेलेला, त्याची एकोणपन्नास सालची पिकअप शेडमध्ये, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकानं घेऊन दिलेला कॉम्प्युटर. सकाळची कॉफी झाली की ती कट्ट्यावर येऊन बसायची. कुणाची गाडी धक्के खात असेल, कुणाची चढावर गुदमरत असेल, तर सगळे म्हणायचे, थांबा, धान्यकोठीबाई उठल्या की सांगतील.

‘कॉटनवुड’ त्या कट्ट्यावर दोन हिवाळ्यांपासून होता. त्याची एकावन्न सालची हिरवी पिकअप. खरं तर गाडी त्याच्या भावाची, एडची. दोघे भाऊ अविवाहित, बापाच्या जमिनीवर एकत्र राबलेले. एड आजारी पडल्यावर यानं गाडी उघडली, ती एडला पुन्हा एकदा तिच्यात बसवायचं म्हणून. कमी बोलायचा. फोटो मात्र भरपूर टाकायचा आणि सांगितलेलं सगळं करायचा, म्हणून वर्नाचा त्याच्यावर जीव होता. सल्ला विचारून मग आपलंच खरं करणारे तिनं पुष्कळ पाहिले होते.

जानेवारीत, कडाक्याची थंडी पडली त्याच आठवड्यात, त्यानं लिहिलं: “एड गेला. शनिवारी माती. त्याची पेटी त्याच्याच गाडीतून न्यायची असं आमचं ठरलं होतं. गाडी सुरू होते, पण उभ्या उभ्या बंद पडते. शवयात्रेत माणूस चालतो त्या वेगानं जायचं आहे. मध्येच बंद पडली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

कट्टा हळहळला, आणि मग कामाला लागला. कुणी म्हणालं प्लग बदल, कुणी म्हणालं पंप बघ. आर्कान्सामधला बक टिडवेल हा एकटाच असा होता की ज्याचं नाव आणि फोन नंबर वर्नाकडे होता, कारण त्यानं एकदा तिला एक जुनं झाकण पोस्टानं पाठवलं होतं. तो रोज सकाळी विचारायचा, “काय रे कॉटनवुड, जिवंत आहे का तुझी म्हातारी?”

बुधवारी सकाळी कॉटनवुडनं लिहिलं, “गाडी बरी आहे. माझंच डोकं ठणकतंय. कालही ठणकत होतं. पेट्रोलचा वास सहन होत नाही बहुतेक आता.”

“त्याला म्हातारपण म्हणतात,” बकनं लिहिलं. “माझं डोकं लग्न झाल्यापासून ठणकतंय.”

“माझी बायको वाचते हं हे,” दुसऱ्या कुणीतरी लिहिलं.

वर्नाही हसली. आणि मग तिनं कामाचं लिहिलं, नीट, पायरीपायरीनं, जसं ती नेहमी लिहायची: “थंड इंजिनावर कार्ब्युरेटरचा पेच फिरवू नकोस, फसशील. आधी चांगलं तापू दे. घाई करू नकोस, अगदी घरातल्या शेगडीसारखं तापू दे. व्हॅक्यूमचं गेज लाव. मग हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा तो पेच थोडा थोडा बाहेर काढ आणि काट्याकडे बघ. काटा सगळ्यात वर जाऊन स्थिर झाला की हात काढ. मग ती दिवसभर बंद पडायची नाही.”

“येस मॅम,” कॉटनवुडनं लिहिलं. बस्स, एवढंच.

वर्नानं सूप चढवलं. शेजारणीचा फोन आला, तिच्याशी बोलली. खिडकीबाहेर वारा कुंपणाच्या तारांवरून किंचाळत जात होता. दुपारी ती पुन्हा येऊन बसली तेव्हा कॉटनवुडचा नवा मजकूर आला होता.

“काटा स्थिर आहे. फार छान वाटतंय ऐकायला. बादलीवर बसलोय. पाय जड. एड म्हणतो बंद करू नको आता, चालू आहे तर राहू दे.”

खाली बकनं लिहिलं होतं, “शाब्बास!” आणखी दोघांनी टाळ्या दिल्या होत्या.

वर्नानं ते दोनदा वाचलं. एड रविवारीच गेला होता.

तिच्या डोळ्यांपुढे एकदम कोठीवरचा तो हिवाळा उभा राहिला. ती तेव्हा विशीत होती. कोठीवर ओल्सन नावाचा एक गडी होता, गमत्या, सगळ्यांची नक्कल करणारा. थंडीत शेडचं दार लावून तो ट्रकचं इंजिन तापवत बसला. दुपारी त्याला काट्यावर बोलावलं तर तो आपल्या मेलेल्या आईबद्दल काहीबाही बोलायला लागला. सगळ्यांना वाटलं प्यायलाय. संध्याकाळी त्याला उचलून आणला तेव्हा त्याचे गाल गुलाबी होते, जत्रेतल्या बाहुलीसारखे. इतका तजेलदार माणूस मेलेला कसा असेल, असं वर्नाच्या बापाला वाटत राहिलं होतं.

डोकं ठणकतंय. पाय जड. एड म्हणतो. तीन दिवस हा माणूस बंद शेडमध्ये इंजिनाचा धूर पीत बसला होता, आणि त्या सगळ्यांनी त्याच्या गाडीची नाडी बघितली होती.

“दार उघड!” वर्नानं लिहिलं. “इंजिन बंद कर. बाहेर जा. लगेच. रांगत जा हवं तर. धूर आहे तो.”

उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा लिहिलं. मग बकला फोन लावला.

“मिस वर्ना? काय झालं? तुम्ही कधी फोन करत नाही.”

“बक, त्याचं नाव काय?”

“कुणाचं?”

“कॉटनवुडचं! त्याचं नाव, गाव, काहीतरी. तो मरतोय तिथे.”

बक म्हणाला, “देवा. देवा रे. तो धूर... मी शाब्बास म्हणालो त्याला.”

“ते नंतर. नाव सांग.”

“नाही हो माहीत. त्याच्या गाडीच्या मागच्या ॲक्सलचा नंबर सांगू शकेन मी तुम्हाला. नाव नाही माहीत. कट्टा चालवणाऱ्याकडेही सगळ्यांचे नुसते ईमेल असतात.”

“नेब्रास्काचा आहे एवढं मला माहीत आहे. माझ्याच राज्यातला. थांब, फोन ठेवू नकोस.”

ती त्याचे फोटो उघडत गेली. इंजिन, इंजिन, चाकं, पुन्हा इंजिन. शेवटी पुढून घेतलेला एक फोटो सापडला. जाळीखाली नंबरपाटी होती, स्वच्छ, वाचता येण्याजोगी. वर्नाचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या राज्यात पाटीवरचा पहिला आकडा जिल्ह्याचा असतो, आणि ते आकडे तिला कोठीवर असल्यापासून पाठ होते. आकडा जितका मोठा तितका जिल्हा ओसाड. हा फार मोठा आकडा होता. पश्चिमेकडच्या वाळूच्या टेकड्यांमधला, माणसांपेक्षा गुरं जास्त असलेला जिल्हा.

“सापडला,” ती म्हणाली आणि बकचा फोन तोडून तिनं तिकडच्या शेरीफच्या कचेरीला फोन लावला. फोनवर एक तरुण शिपाई होता. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. हिरवी पिकअप, एकावन्नची, म्हातारा माणूस, भाऊ नुकताच वारलेला. शनिवारी माती.

“मॅम, इथे या आठवड्यात कुणीच वारलेलं नाही,” तो म्हणाला. “वारलं असतं तर मला कळलं असतं. माझी आईच सगळ्यांकडे जेवण पोचवते. पण मी गाडी काढतो. रँचांवर फिरून बघतो.”

“लवकर हं बाबा.”

“हो मॅम.”

तो निघाला. बर्फातून, वाऱ्यातून, एका रँचवरून दुसऱ्या रँचवर. वर्ना टेबलाशी बसून राहिली. कट्ट्यावर आता सगळे जमले होते. सकाळी डोकेदुखीवर हसलेला प्रत्येक जण लिहीत होता, भाऊ दार उघड, कॉटनवुड उत्तर दे, नुसतं एक अक्षर तरी लिही. शेगडी बंद करायची राहिली होती, सूप करपल्याचा वास आला तेव्हा ती उठली.

शिपायाचा फोन आला तेव्हा सूर्य कुंपणाला टेकला होता. “मॅम, मी सगळीकडे फिरलो. तुम्ही सांगता तशी गाडी आमच्या जिल्ह्यात नाही. कधी नव्हतीच, असं म्हातारे म्हणतात. पाटी बरोबर वाचलीत ना?”

“बरोबर वाचली,” वर्ना म्हणाली. आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं.

पाटी एकावन्न सालची होती. अर्थातच होती. जुनी गाडी नीट करणारा कुठलाही मानी माणूस तिच्यावर आजची पाटी लावत नाही. गाडीच्या सालाची पाटी जुन्या बाजारात हुडकायची, घासूनपुसून लावायची, आणि कट्ट्यावर तिचा फोटो टाकायचा. ती पाटी कुठल्या जिल्ह्याची आहे याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. साल जुळलं की झालं. गेल्या शरदात कॉटनवुडनं ती पाटी कुठल्याशा जत्रेच्या बाजारात उचलली होती, आणि खाली सगळ्यांनी वाहवा केली होती. वर्नानंही लिहिलं होतं, “आता शोभते बघ.”

अर्धा दिवस तिनं एका भल्या पोराला सत्तर वर्षांपूर्वीच्या कुणा परक्याच्या मागे पिटाळलं होतं.

ती पुन्हा फोटोंकडे वळली. या वेळी तिनं गाडीकडे बघायचं नाही असं ठरवलं. हे तिला सोपं गेलं नाही. आयुष्यभर नजर बॉनेटखाली जायची सवय. आता तिनं गाडीच्या मागे बघितलं, बाजूला बघितलं. शेडच्या दाराखाली कोंबलेल्या चिंध्या, वारा येऊ नये म्हणून. हा फोटो नोव्हेंबरचा. एका बाकावर पुठ्ठ्याचा खोका, आणि त्यात गोल पाव, मधे काळं सारण भरलेले. खसखशीचे कोलाचे. वाळूच्या टेकड्यांत कोण खसखशीचे कोलाचे भाजतंय? हे चेक लोकांचं खाणं. पूर्वेकडचं.

आणि एका फोटोत खिडकी होती. खिडकीत, धुळीच्या पलीकडे, एक धान्याची कोठी. पत्र्यानं मढवलेली जुनी लाकडी कोठी, आणि तिच्या डोक्यावरचं खोपट एका बाजूला कललेलं.

ती कोठी वर्ना विसरणं शक्य नव्हतं. लग्नाआधी बापाबरोबर ती त्या गावी वजनकाटा दुरुस्त करायला गेली होती. गाव लिपोवा. तिथल्या बायकांनी तिला बदकाचं मटण आणि डंपलिंग वाढलं होतं, आणि बाप त्या कललेल्या खोपटाकडे बघून म्हणाला होता, हे माझ्याआधी पडेल. बाप जाऊन चाळीस वर्षं झाली. खोपट उभं होतं.

तिनं तिथल्या शेरीफला फोन केला. लिपोवा म्हटल्यावर, भाऊ वारला म्हटल्यावर, पलीकडची बाई मधेच म्हणाली, “कुबिचेक. एड कुबिचेकची माती शनिवारी आहे. तुम्ही मायलोबद्दल बोलताय का?”

मायलो. तर मायलो नाव होतं त्याचं.

“जा,” वर्ना म्हणाली. “आधी जा, मग बोलू.”

ते गेले. अंधार पडायच्या आत त्या बाईचा उलटा फोन आला. वर्नानं तिचा आवाज ऐकला आणि पुढचं ऐकायची गरज उरली नाही. तरी तिनं ऐकलं. इंजिन अजून चालू होतं, ती बाई म्हणाली. अगदी सुरळीत चालू होतं.

कट्ट्यावर तिनं लिहिलं, “त्याचं नाव मायलो कुबिचेक होतं.” आणि कॉम्प्युटर बंद केला.

शनिवारची माती सोमवारवर गेली, कारण आता पेट्या दोन होत्या. वर्ना रविवारी निघाली. लेक म्हणाला, आई, या बर्फात एकटी कुठे जातेस, तुझी ओळख तरी आहे का त्यांची. ती म्हणाली, ओळख नाही म्हणूनच जातेय.

लिपोव्यातलं कुबिचेकांचं घर कुणालाही विचारावं लागलं नाही. दाराशी गाड्या उभ्या होत्या. स्वयंपाकघरात पाचसहा बायका पीठ मळत होत्या, आणि वर्ना आत येताच त्यांचं बोलणं थांबलं. ओळखीच्या माणसाबद्दल बोलताना अनोळखी माणूस आला की थांबतं, तसं. मायलोची बहीण लिब्बी पुढे आली. सत्तरीची, सडपातळ, काळ्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर ओढलेली.

“मी वर्ना. मायलोला गाडीबद्दल... आम्ही ऑनलाइन बोलायचो.”

“तुम्हीच फोन केला होता,” लिब्बी म्हणाली. “या. बाहेर या माझ्याबरोबर.”

तिनं वर्नाला मागच्या शेडमध्ये नेलं आणि दार आतून ओढून घेतलं. नंतर काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं ते पुन्हा सताड उघडलं. वारा आत घुसला. हिरवी पिकअप उभी होती. फोटोत दिसायची त्याहून देखणी.

“मी तुम्हाला एकच विचारते,” लिब्बी म्हणाली. “खरं सांगा. तो काही बोलला होता का? एडशिवाय राहवत नाही, असलं काही?”

“नाही.”

“शिपाई म्हणाला, दाराखाली चिंध्या कोंबल्या होत्या. म्हणाला, भाऊ गेल्यावर माणसं असं करतात, मॅम, दोष देऊ नका. मी दोष देत नाहीये हो! मला फक्त कळायला पाहिजे. आमच्या आजोबांचा भाऊ होता. त्यानं विहिरीत उडी घेतली. आत्महत्या म्हणून त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरला. आता फादर कुणाला कुंपणाबाहेर पुरत नाहीत. लोक पुरतात, मनातल्या मनात. तुम्ही आत आलात तेव्हा गप्प झाल्या ना त्या? त्याचंच चाललं होतं.”

“त्या चिंध्या नोव्हेंबरपासून आहेत,” वर्ना म्हणाली. “मी फोटोत बघितल्या आहेत. वाऱ्यासाठी.”

“चिंध्यांनी काय सिद्ध होतंय?”

वर्नानं बॉनेट उचललं. थंडीनं पत्रा बोटांना चिकटत होता. तिथे सगळं जसंच्या तसं होतं, कुणी हात लावला नव्हता. गेजची रबरी नळी बसवलेली होती. गेज अशा जागी टांगलं होतं की पेच फिरवताना काटा दिसावा. पेचकस कार्ब्युरेटरच्या कडेवर आडवा ठेवलेला, खाली पडू नये म्हणून त्याच्याखाली फडकं. पुढच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावलेले. मरायला निघालेला माणूस गाडी पुढे सरकू नये म्हणून चाकांना ठोकळे लावत नाही.

तिनं हे सगळं लिब्बीला एकेक करून दाखवलं. लिब्बी बघत राहिली. गाडीतलं तिला काही कळत नव्हतं, पण फडकं कळलं. तिनं ते हातात घेतलं.

“हे माझ्या आईच्या पडद्याचं आहे,” ती म्हणाली. मग म्हणाली, “तर तो काम करत होता.”

“काम करत होता. सोमवारी... शनिवारी बंद पडू नये म्हणून.”

“मग त्याला कळलं कसं नाही? एवढा वेळ इंजिन चालू ठेवून बसायचं, इतकी अक्कल नव्हती का त्याला? शेतकरी माणूस!”

इथे गप्प राहता आलं असतं. ‘थंडी होती,’ असं म्हणता आलं असतं. वर्ना गाडीच्या मडगार्डला हात टेकून उभी राहिली.

“मी सांगितलं होतं त्याला,” ती म्हणाली. “बुधवारी सकाळी. त्याचं डोकं ठणकत होतं, ते त्यानं लिहिलं होतं. आम्ही हसलो. आणि मी लिहिलं, घाई करू नकोस, चांगलं तापू दे. दार उघडं आहे का, हे मी विचारलं नाही. मला विचारायला पाहिजे होतं. इतकी वर्षं मी हे करते, मला ते सगळ्यात आधी विचारायला पाहिजे होतं. तो मी सांगितलं तस्संच करायचा. पेच नीट लागला नसता तर गाडी बंद पडली असती, आणि तो कदाचित... पण त्यानं तो बरोबर लावला.”

लिब्बी फडक्याची घडी घालत राहिली, लहान, आणखी लहान.

“एडवर चिडता येत नाही,” ती शेवटी म्हणाली. “तो आजारी होता. मायलोवर मी चार दिवस चिडलेय. झोपले नाहीये. त्याला शिव्या देतेय, मेलेल्या भावाला! आणि तू...” ती थांबली. “तू घरबसल्या सांगितलंस त्याला.”

“हो.”

“बरं झालं आलीस. आता मला चिडायला माणूस मिळालं.”

वर्नानं बॉनेट हळूच खाली टेकवलं.

“मातीला येऊ नकोस,” लिब्बी म्हणाली. “मला तुझं तोंड तिथे बघवणार नाही. पण आत्ता चल.”

“कुठे?”

“आत. त्या बायका आहेत ना. मला सांगितलंस ते त्यांना सांग. ठोकळ्यांचं सांग, गेजचं सांग. आणि कोणी त्याला तापू दे म्हणून सांगितलं, तेही सांग. तुझ्या तोंडानं. मी सांगितलं तर म्हणतील, बहीण आहे, झाकतेय.”

दोघी बर्फातून परत आल्या, एकमेकींच्या मागोमाग, लिब्बी पुढे. स्वयंपाकघरात भट्टीची ऊब होती आणि यीस्टचा वास होता. बायकांनी वर बघितलं. त्यांचे हात पिठात तसेच राहिले.

“ही वर्ना कोल्टरमन,” लिब्बी म्हणाली. “हिला काही सांगायचंय.”

कुणी खुर्ची पुढे केली नाही. वर्नानं डोक्यावरचा रुमाल सोडला, तो हातात धरला, आणि बुधवारच्या सकाळपासून सुरुवात केली.